पाय नसलेली पेशी चालते कशी?

खेळताना गुडघा खरचटला की आई हळद लावते. पण हळद लागण्यापूर्वीच जखमेकडे एक फौज निघालेली असते. रक्तातील पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूंच्या मागे लागतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड रॉजर्स यांनी अशा एका पाठलागाची फिल्म सूक्ष्मदर्शकातून घेतली होती. जंतू वळला की पेशी वळते, वाटेतल्या तांबड्या पेशींना बाजूला सारते आणि शेवटी जंतूला गिळते. पेशीला ना पाय, ना चाके. मग तिला पुढे ढकलतो कोण?

याचे उत्तर ॲक्टिन नावाच्या प्रथिनात आहे. १९४२ साली हंगेरीत, सेगेद येथे, ब्रूनो स्ट्राउब यांनी ते स्नायूतून वेगळे काढले. पुढे बरीच वर्षे ॲक्टिन म्हणजे स्नायूंची मिरास, असेच समजले जाई. १९६६ साली जपानमध्ये हातानो आणि ओसावा यांनी ते ओल्या लाकडावर सरपटणाऱ्या एका चिकट जीवातून काढून दाखवले. त्या जीवाला स्नायू कुठले? यातले फुमिओ ओसावा मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, हे लिहिताना माझी मान जरा ताठ होते!

ॲक्टिनचे सुटे रेणू पेशीत तरंगत असतात. ते एकमेकांना जोडले जाऊन सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा तंतू बनतो. एक रेणू जोडला गेला की तंतू २.७ नॅनोमीटरने लांबतो. असे असंख्य फांद्या फुटलेले तंतू पेशीच्या पुढच्या कडेला टेकलेले असतात. पुढे रेणू जोडले जातात, मागे सुटतात आणि सुटलेले पुन्हा पुढे वापरले जातात. आपल्याकडे इमारतीला रंग देताना परांचीचे बांबू एकीकडून सोडून दुसरीकडे बांधतात ना, तसेच.

पण इथे एक अडचण आहे. तंतूचे टोक पेशीपटलाला टेकलेले असेल, तर नवा रेणू शिरणार कुठे?

सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर फास्ट लोकलमध्ये चढणारी गर्दी आठवा. ठाण्याला कॉलेजात जाण्यासाठी मी रोज तिच्यात असतो. आपण मुद्दाम पुढे जात नसतो, नुसते मागेपुढे हेलकावत असतो. एखाद्या हेलकाव्यात पुढे पाऊलभर जागा होते, आपण पुढे सरतो आणि त्याच क्षणी मागचा आपल्या जागेवर येतो. आता मागे जाणे नाही! असे होत होत आपण डब्यात पोचतो.

पेशीत नेमके हेच घडते. उष्णतेमुळे रेणू सतत थरथरत असतात. तुम्ही अभ्यासलेली ब्राउनीय गती ती हीच. त्या थरथरीत पटल आणि तंतूचे टोक यांच्यात क्षणभर फट पडते, तीत ॲक्टिनचा रेणू येऊन बसतो आणि पटलाला परत यायला जागा उरत नाही. पेस्किन, ओडेल आणि ऑस्टर यांनी १९९३ साली हे गणिताने मांडले. एका तंतूचा रेटा काही पिकोन्यूटन एवढाच भरतो. एक ग्रॅम वजनाचा भार सुमारे एक हजार कोटी पिकोन्यूटन असतो, यावरून कल्पना करा. पण तंतू पुष्कळ असतात.

आता थोडे गणित करू. पांढरी पेशी मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर चालते, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ नॅनोमीटर. त्याला २.७ ने भागा. ढोबळमानाने प्रत्येक तंतूवर सेकंदाला ६० रेणू बसायला हवेत! या वेगाने ठाण्याहून २० किलोमीटरवरच्या कल्याणला पोचायला तिला सुमारे ३८०० वर्षे लागतील. रक्तवाहिनीपासून जखमेपर्यंतचे अंतर मात्र ती थोड्या वेळात कापते.

एखादा चौकस विद्यार्थी इथे मला अडवील, "सर, नुसत्या थरथरीतून फुकट काम मिळाले, तर उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला की!" शंका रास्त आहे. थरथर फक्त फट पाडते. रेणू जोडला जाताना मोकळी होणारी रासायनिक ऊर्जा त्याला तिथे धरून ठेवते, आणि सुट्या रेणूंचा साठा पुन्हा भरण्यासाठी पेशी एटीपी खर्च करते. म्हणजे पैसे भरावेच लागतात.

स्नायूतले मायोसिन पेशीच्या मागच्या भागाला ओढून घ्यायला मदत करते. पण पुढच्या रेट्याला ते लागत नाही, हे कळले ते चक्क जंतूंकडून. रक्ती हगवण लावणारा शिगेला नावाचा जंतू आपल्या आतड्याच्या पेशीत शिरतो आणि आपलेच ॲक्टिन आपल्या मागे जुळवून घेतो. धूमकेतूसारखे शेपूट तयार होते आणि त्या रेट्याने तो शेजारच्या पेशीत घुसतो. १९९९ साली फ्रान्समध्ये मारी-फ्रान्स कार्लिये यांच्या गटाने शुद्ध केलेली मोजकी प्रथिने आणि एटीपी एकत्र करून जंतूंची अशी चाल पेशीबाहेर घडवून आणली. त्यात मायोसिन नव्हते.

हा रेटा योग्य जागी सुरू झाला नाही तर? म्युनिकचे डॉक्टर विस्कॉट यांनी १९३७ साली तीन भावांची नोंद केली. त्यांना रक्तस्राव होई, त्वचेवर इसब उठे आणि वरचेवर जंतुसंसर्ग होई. १९५४ साली अमेरिकेत ऑल्ड्रिच यांनी हा रोग आईकडून मुलग्यांकडे येतो हे दाखवले. त्यामागचे जनुक १९९४ साली सापडले. या मुलांचे ॲक्टिन अगदी ठीक असते. तंतूला नवी फांदी कुठे फोडायची, याचा हुकूम देणारे प्रथिन मात्र बिघडलेले किंवा मुळातच नसलेले असते. त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या पेशी जखमेकडे नीट चालू शकत नाहीत. अशा मुलाला निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशी देता येतात. त्या रुजल्या, की त्यांच्यापासून चालणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होऊ लागतात.