श्वानदंश आणि आमची मुले

पेडणे तालुक्यातील ज्या गावी आमचे बालपण गेले, तेथे पिसाळलेल्या कुत्र्याला ‘पिशें सुणें’ म्हणत. आम्ही चौथीत असताना शेजारचा एक सवंगडी त्या रोगाने गेला. काजूच्या बागेत एका पिलाने त्याच्या पोटरीला दात लावला होता. वडिलांच्या माराच्या धास्तीने त्याने ते कोणास सांगितले नाही. दीड महिन्याने पाण्याचा पेला पाहताच त्याला आचके येऊ लागले, तेव्हा घरच्यांना उलगडा झाला. पण वेळ टळून गेली होती. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून सहसा कोणी वाचत नाही, हे आजही तितकेच खरे आहे.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचविले, त्याला तेव्हा नव्वदाहून अधिक वर्षे लोटली होती. आमच्या गावात मात्र जखमेवर मिरचीची पूड किंवा चुना, आणि फारच झाले तर पोटात चौदा इंजेक्शने! मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००५ च्या आसपास कायमची बंद झाली. आता दंडात टोचतात, आणि पूर्वीसारख्या यातना नाहीत.

परंतु गोव्याने जे केले ते माणसाला टोचण्यापुरते नव्हते. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी २०१३ ते २०१९ या काळात रोगाच्या मुळाशी, म्हणजे कुत्र्यांपाशी, हात घातला. जाळी घेतलेली पथके वाड्यावाड्यांतून हिंडत. धरलेल्या कुत्र्याला लस टोचून अंगावर रंगाची खूण करीत आणि त्याची नोंद मोबाइलवर घेत, त्यामुळे कोणता वाडा राहिला ते लगेच कळे. शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्रे टोचले गेले. कुत्र्यांतील रोग ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. हा सारा वृत्तान्त २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

या मोहिमेतील आम्हांस भावलेला भाग शाळेचा. दरवर्षी दीड लाख मुलांपर्यंत पथके पोहोचली. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, यावरून प्रमाण ध्यानी यावे. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, झाडासारखे उभे राहावे. चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, आणि घरी सांगावे. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. (मधल्या सुट्टीतला उरलेला पाव आम्हीच फाटकाबाहेर टाकू देत होतो आणि तेथे कुत्र्यांचा मेळा जमे, हा दोष आमचाच. आता ते बंद केले आहे.)

लस एकदा टोचून भागत नाही. कुत्र्याचे आयुष्य थोडे, पिले दरसाल नवी. शिवाय पत्रादेवी किंवा दोडामार्गचा नाका माणसांना अडवितो, कुत्र्यांना नव्हे.

सध्या आम्ही डिचोली तालुक्यात आहोत. गेल्या वर्षी एका सोमवारी प्रार्थनेआधी पाचवीतली एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी ती सीमेपलीकडे मामाकडे गेली होती. “सर, काल म्हाका सुणें चाबलें. घरांत सांगूंक ना.” घोट्यावर दोन बारीक खुणा होत्या. नळाखाली पाय धरून, हाती घड्याळ घेऊन आम्ही पंधरा मिनिटे मोजली. वडिलांना बोलावले. ते रागावण्याच्या बेतात होते. आम्ही त्यांना बाजूला नेऊन आमच्या सवंगड्याची हकीकत सांगितली. ते काही न बोलता तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेले.

पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा तिने गणिताच्या वहीच्या मागे लिहून ठेवल्या होत्या. अठ्ठाविसाव्या दिवसानंतर शेवटच्या तारखेवर फुली मारून ती वही तिने आम्हांस आणून दाखविली.