लम्पीचा वंशवृक्ष: एक नव्हे, हजार

२०२२च्या पावसाळ्यात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गायी-बैलांच्या अंगावर गाठी उठू लागल्या. लम्पी त्वचारोगाने दूध आटले. राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. काष्टी, लोणी, घोडेगावच्या बाजारांवर ज्यांची भिस्त, त्यांना जनावर विकताही येईना. हा रोग माणसाला होत नाही. जनावरांमध्ये तो माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो. त्या वेळी गायींना टोचली गेली ती मात्र शेळ्यांच्या देवीची लस.

गायीला शेळीची लस कशी चालते? उत्तर विषाणूंच्या वंशावळीत आहे. लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी या तिन्हींचे विषाणू कॅप्रिपॉक्स या एकाच घराण्यातले. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही बऱ्यापैकी अडवते.

ही वंशावळ विषाणूच्या जनुकीय मजकुरावरून मांडतात. लम्पीच्या विषाणूचा मजकूर सुमारे दीड लाख अक्षरांचा आहे. वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांतील अक्षरे संगणक ताडून पाहतो. फरक जितके कमी, तितके नाते जवळचे. पण पुरावा क्वचितच एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवतो. म्हणून संगणक शेकडो, कधी हजारो संभाव्य वंशवृक्ष काढतो. छापताना मात्र बहुधा त्यांचे सार असलेला एकच वृक्ष छापला जातो. त्यातली प्रत्येक रेघ सारखीच ठाम दिसते. शंका असते ती फांदीजवळच्या एखाद्या बारीक आकड्यात, आणि तो सहसा कोणी वाचत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक वृक्ष जणू बटर पेपरवर काढायचा आणि सगळे कागद एकमेकांवर ठेवायचे. जिथे सर्वांचे एकमत, तिथे रेघ गडद होते. जिथे मतभेद, तिथे ती विस्कटते. रेम्को बोकार्ट यांनी २०१०मध्ये या पद्धतीचा ‘डेन्सिट्री’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. हीच सोय ‘आर’ या मोफत संगणकीय भाषेतही आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती संख्याशास्त्रासाठी तयार केली. तिच्यातील ‘फँगॉर्न’ या जोडसंचात असे चित्र एका आज्ञेत निघते.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. सर्व वृक्षांत नमुने तेच हवेत, टोकांचा क्रम एकच हवा आणि मूळ एकाच बाजूला हवे. क्रम बदलला, तर मतभेद नसतानाही रेघांचा गुंता दिसतो. रेघा जवळजवळ पारदर्शक ठेवाव्या लागतात. नाहीतर हजार वृक्षांचा नुसता काळा डाग उरतो.

विस्कटलेली रेघ दोन गोष्टी सांगू शकते. सगळीकडे धूसरपणा असेल, तर पुरावा अपुरा आहे. पण दोन ठळक आकृत्या एकमेकींना छेदत असतील, तर मामला वेगळा असू शकतो: विषाणूचा एक तुकडा एका पूर्वजाकडून आणि दुसरा तुकडा दुसऱ्याकडून आलेला असू शकतो.

लम्पीबाबत असे खरेच घडले आहे. २०१७मध्ये रशियातील साराटोव्ह भागात सापडलेल्या विषाणूत लशीतील विषाणूचे आणि दुसऱ्या प्रकारच्या विषाणूचे तुकडे मिसळलेले आढळले. असे मिश्र विषाणू पुढे चीन आणि आग्नेय आशियातही दिसले. अशा विषाणूचा एकच वृक्ष काढला तर चित्र नीटस दिसते, पण ते दिशाभूल करते. मजकुराच्या प्रत्येक भागाचा वेगळा वृक्ष काढून ते एकावर एक ठेवले, की दोन पूर्वज उघड होतात. यावरून लस टाळावी, असा अर्थ कोणी काढू नये. लशीची शुद्धता काटेकोरपणे तपासली जावी, एवढाच धडा त्यातून मिळतो.

गडद रेघेवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ती वृक्षांचे एकमत दाखवते, सत्याची हमी देत नाही. सगळे नमुने दोन-तीन मोठ्या शहरांजवळूनच आले, तर हजार वृक्षही एकमुखाने चुकू शकतात. राहुरीच्या गोठ्यातला किंवा अकोल्याच्या डोंगरातला विषाणू तपासलाच नसेल, तर चित्रात त्याची फांदी उगवणार कुठून?

म्हणून जनावराच्या अंगावर गाठ दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे मोलाचे ठरते. गाठीवरची खपली, गावाचे नाव आणि तारीख एवढी शिदोरी प्रयोगशाळेत पोहोचली, तर विषाणू कुठून आला आणि तो बदलतो आहे का, हे शोधता येते. पुढच्या साथीत कोणती लस उपयोगी पडेल, हे ठरवताना तीच माहिती हाताशी असते.