कुरडई एक किलोची, बिल पाच किलोचं! पार्सलचा खर्च असा काढा

बीड : उन्हाळ्यात केलेल्या कुरडया, पापड केज-धारूरकडून पुण्या-मुंबईला व्हॉट्सॲपवर विकता येतात. पण गणित चुकतं ते पार्सलमध्ये.

कुरडई वजनाला हलकी, पण जागा फार खाते. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोकंही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे ४.८ किलो. हे आणि काट्यावरचं वजन, यात जे जास्त त्याचं बिल. वर जीएसटी वेगळा. गिऱ्हाइकाला आधीच शंभर रुपये सांगून बसलेल्या बाईला मग फरक घरातून भरावा लागतो.

म्हणून आधी खोकं भरून, चिकटपट्टी लावून तोला, टेपने मोजा. पिनकोड घेऊन पोस्टात आणि कुरिअरवाल्याकडे, दोन्हीकडे दर विचारा. मगच आकडा सांगा.

पॅकिंगचे किती घ्यावे? खोकं, पट्टी, पिशवीला लागले तेवढे. किराणा दुकानातून फुकट आणलेल्या खोक्याचे तीस रुपये लावणं बरं दिसत नाही. मजुरी आणि नफा कुरडईच्या भावातच धरा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन बाजारावर विकणाऱ्याने एकूण रक्कम एका आकड्यात आणि टपाल, डिलिव्हरी खर्चाची फोड करून दाखवायची असते. व्हॉट्सॲपवरही तसंच लिहा : कुरडई इतके, पॅकिंग इतके, कुरिअर इतके, एकूण इतके. पार्सल दिल्यावर पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवून द्या.