येऊ दे, येऊ दे... बस!

संपादकांनी पाठवलं होतं ते खाणींतल्या डंपरांच्या जीपीएसवर लिहायला. वसई पूर्वेला अहमदाबाद महामार्ग ओलांडून कामण, शिरसाडच्या बाजूला वळलं की दगडखाणी लागतात. दगड काळा, पण त्याची भुकटी पांढरी. झाडांवर, पत्र्यांवर, माणसांच्या भुवयांवर तीच.

राज्यात गौण खनिज वाहणाऱ्या गाड्यांना १ जानेवारी २०२२ पासून जीपीएस सक्तीचं झालं. किती ब्रास माल, कुठल्या खाणीतून कुठे चालला, याचा माग सरकारच्या ‘महाखनिज’ प्रणालीत राहतो. रॉयल्टी बुडू नये हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच आहे.

मी मात्र खिळून राहिलो एका डंपरपाशी. क्रशरपाशी माल ओतायला गाडी मागे घ्यायची होती. चालक उंचावर बसलेला. आरशात हौद्याच्या कडा दिसतात, थेट पाठीमागचं काहीच नाही. म्हणून क्लीनर बाजूला उभा राहून पत्र्यावर थाप मारतो : येऊ दे, येऊ दे... बस! त्या ‘बस’वर त्याचा स्वतःचा जीव असतो. मागे कॅमेराही आहे, पण केबिनमधल्या पडद्यावर नुसतं धुकं. चालक खाली उतरला, ओल्या फडक्याने भिंग पुसलं, चष्मा पुसावा तसं जपून. दोन खेपांनंतर ते पुन्हा पांढरं झालं होतं.

इथे जीपीएस कामाला येत नाही. त्याचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर. साध्या यंत्राचा अंदाज काही मीटरने चुकतो, आणि खाणीच्या उभ्या कड्याखाली आभाळच अर्धं दिसत असल्याने आणखी चुकतो. ताशी २० किलोमीटर वेगाचा डंपर सेकंदाला साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो. चाकाजवळचा माणूस ओळखायला रडार हवं, किंवा कामगाराच्या हेल्मेटवर रेडिओ टॅग हवा, जो गाडीजवळ येताच केबिनमध्ये इशारा देतो. कोल इंडियाच्या खाणींतल्या अजस्र डंपरांवर मागचे कॅमेरे आणि जवळ कुणी आल्याचा इशारा देणारी साधनं बसू लागली आहेत.

दगडखाणीत ती आणणं अवघड आहे. रडारला धोंडा आणि माणूस यांतला फरक सहज कळत नाही. ढिगाऱ्यापाशी ते सारखं वाजत राहतं, कान सरावतात आणि एक दिवस कुणीतरी वायर काढून ठेवतं. टॅग हजेरीपटावरच्या माणसाला मिळेल. डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोला कोण देणार? आणि जिथे मजुरी खेपेवर मिळते, तिथे भिंग पुसायला घालवलेली मिनिटं चालकाच्याच खिशातून जातात.

तरीही आज करता येईल असं बरंच आहे. रॉयल्टीसाठी बसवलेल्या त्याच जीपीएसमधून गाडीचा वेगही कळतो. ब्रास जितक्या कसोशीने मोजले जातात, तितक्याच कसोशीने खाणीच्या रस्त्यावरचा वेग तपासावा. चालकाला खेपेऐवजी दिवसाचा पगार द्यावा. गाडी वळवण्याची जागा पायी माणसांसाठी बंद ठेवावी. आणि रडार येईल तेव्हा येईल. त्या क्लीनरला उद्या सकाळी एक चमकणारं जाकीट आणि एक शिट्टी द्यावी.