पंक्चर रोखणारा टायर
रोड बाइकच्या टायरमध्ये पंक्चर रोखण्याचे काम बाहेरच्या रबरापेक्षा त्याखाली दडलेला संरक्षक पट्टा अधिक करतो. कॉन्टिनेंटलच्या ग्रां प्री ५००० या टायरमध्ये तो व्हेक्ट्रान या चिवट कृत्रिम धाग्याचा असतो, तर श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये सुमारे ५ मिलिमीटर जाड लवचीक रबराचा असल्याने काच किंवा टाचणी आतल्या ट्यूबपर्यंत सहसा पोहोचत नाही. हा दुसरा टायर बराच जड असतो, त्यामुळे वेगाची हौस असणाऱ्यांनी तो टाळणेच इष्ट. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळल्यावर ट्यूब रिमच्या चिमटीत सापडून जी जोडभोके पडतात, ती मात्र कोणताही पट्टा थांबवत नाही; त्यासाठी, फ्रेममध्ये जागा असल्यास, २५ ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचा टायर घेऊन हवेचा दाब नियमित तपासावा लागतो.