छायाचित्रांतील रंगाचें प्रामाण्य

१. उदगीरच्या किल्ल्यांत अरबी-फारसी शिलालेख आहेत, इ. स. १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला तो याच उदगीरच्या लढाईंत. असे लेख, तसेंच घरोघरचे मोडी कागद, हल्लीं अभ्यासक स्वतःच कॅमेऱ्यानें टिपतात, संगणकावर न्याहाळतात व छापावयास देतात. या तीन टप्प्यांत अक्षर बहुधा शाबूत राहतें. रंग मात्र पालटतो. एखादी ओळ निराळ्या शाईनें मागाहून घातली आहे काय, हें छटेवरून ताडावयाचें असल्यास असा पालट म्हणजे पुराव्याचाच विपर्यास होय. म्हणून हा विषय केवळ छायाचित्रकाराचा नसून संशोधकाचाहि आहे.

२. प्रतिकृतीवर किती भार पडूं शकतो, हें अजिंठ्याच्या इतिहासावरून दिसतें. उदगीरप्रमाणेंच अजिंठाहि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील भित्तिचित्रांच्या नकला रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ मध्यें लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत विद्यार्थ्यांकरवीं नव्या नकला करविल्या. त्यांतीलहि पुष्कळ लंडनमध्येंच १८८५ सालीं आगींत नष्ट झाल्या. पुढें १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं मूळ चित्रांवर लाखेचें रोगण दिलें, तें कालांतरानें पिवळें पडलें. निळ्यावर पिवळा थर बसला म्हणजे निळा हिरवट दिसतो. अशा स्थितींत टिपलेला रंग चित्रकाराचा कीं रोगणाचा, हा प्रश्न उरतोच. गुलाम याझदानी यांचे छायाचित्रांवर आधारलेले खंड १९३० ते १९५५ या काळांत निघाले. ते पाहतांनाहि तो मनांत ठेवावा लागतो.

३. आतां रंग पालटतो कां, तें पाहूं. कॅमेरा रंग सांठवीत नाहीं. तांबडा, हिरवा व निळा यांचे आंकडे सांठवितो. नुसता आंकडा अपुरा असतो. कागदावर ‘सन ११६०’ एवढेंच असलें तर तो शुहूर कीं फसली, हें कळल्यावांचून इसवी सन निघत नाहीं. दोहोंत नऊ वर्षांचा फरक पडतो. रंगाचे आंकडेहि कोणत्या मापानें वाचावे, हें सांगणारें टिपण सोबत लागतें. त्यास प्रोफाइल म्हणतात. त्याचा समाईक नमुना १९९३ मध्यें स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमनें ठरविला. त्याच्या बुडाशीं सामान्य मानवी दृष्टीचें १९३१ मध्यें निश्चित झालेलें मापन आहे.

४. यावरून पुढील पद्धति निघते.

(अ) टिपतांना : किल्ल्याच्या भिंतीवरील लेख सावलींत निळसर, तर सायंकाळच्या उन्हांत तांबूस उतरतो. म्हणून प्रकाश एकाच जातीचा असावा. ऊन व दिवा यांची भेसळ करूं नये. चोवीस चौकटींचा प्रमाण रंगफलक, जो १९७६ पासून प्रचारांत आहे, तो त्याच प्रकाशांत वस्तूशेजारीं ठेवून टिपावा. त्यावरून कॅमेऱ्याचें प्रोफाइल तयार होतें. कॅमेऱ्यांतील मूळ, असंस्कृत नोंद कायम जपावी.

(आ) संगणकावर : पडद्याचे रंग मापनयंत्रानें तपासून त्याचें प्रोफाइल करावें. पडदा निळसर असला तर पाहणारा नकळत चित्र पिवळें करून ठेवतो. सुधारलेल्या प्रतींत प्रोफाइल अंतर्भूत असावें.

(इ) छापतांना : शाई व कागद यांच्या प्रत्येक जोडीस प्रोफाइल निराळें लागतें. पडद्यावरील कांहीं उजळ निळे व हिरवे रंग शाईच्या आवाक्याबाहेर असतात. त्यांची जागा कोणत्या छटा घेतील, तें संगणकावर आधीं पाहून मग छापावें. छापील प्रत ५००० केल्व्हिनच्या प्रमाण प्रकाशांत मूळ वस्तूशीं ताडून पाहावी.

५. एवढें करूनहि पूर्ण सारखेपणा साधत नाहीं. पण चूक किती, तें मोजतां येतें. यास्तव रंगीत चित्र प्रसिद्ध करतांना रंगफलक कडेला तसाच छापावा आणि चित्र टिपल्याची तारीख, प्रकाश व वस्तूची तत्कालीन स्थिति, विशेषतः रोगण, ओल किंवा धूर असल्यास तें, चित्राखालीं नमूद करावें. मूळ वस्तु नाहींशी झाल्यावर पुढील अभ्यासकास निर्णय करावयाचा तो एवढ्याच साधनावर.