पाण्याला जागा ठेवणारे शहर

नगररचनेचा आराखडा म्हटला म्हणजे रस्ते, चौक, बाजार आणि इमारती ह्यांचे रंगीत चित्र सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. समुद्रकाठच्या शहराला हे चित्र पुरे पडत नाही. तेथे जमिनीचा नकाशा काढण्यापूर्वी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. आणि पाणी तर दिवसातून दोनदा आपली हद्द बदलते! पुढील पन्नास वर्षांत शहर कसे असावे, ह्या प्रश्नाचे उत्तर अशा ठिकाणी ‘काय बांधावे’ ह्यापेक्षा ‘कोठे बांधू नये’ ह्यावर अधिक अवलंबून असते. गोव्याची राजधानी पणजी हे ह्याचे बोलके उदाहरण होय.

मांडवी नदी समुद्राला मिळण्याच्या थोडे अलीकडे, तिच्या डाव्या तीरावर हे शहर वसले आहे. मध्यभागी आल्तिनोची जांभ्या दगडाची टेकडी, पूर्वेस ओरेंची खाडी आणि पश्चिमेस ताळगावच्या शेतांतून वाहत येणारी सांतिनेजची खाडी, अशी ह्या शहराची मूळ ठेवण आहे. येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच कोसळतो. टेकडीवर पडलेले काही पाणी जांभ्यात मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. मळा भागातील ‘फोंत फेनिश’ आणि ‘बोक द व्हाक’, म्हणजे ‘गायीचे मुख’, हे झरे ह्याच पाण्याचे. उरलेले पाणी दोन्ही खाड्यांतून मांडवीकडे धावते. परंतु त्याच वेळी नदीला भरती असेल, तर खाडीचे तोंड जणू बंद होते आणि पावसाच्या पाण्याला ओहोटीपर्यंत, म्हणजे काही तास, कोठे तरी थांबणे भाग पडते. ते कोठे थांबणार, हाच पणजीच्या नियोजनातील मुख्य प्रश्न आहे.

राजधानी ह्या जागी आली तीही काहीशी नाइलाजाने. जुने गोवे हे एके काळचे वैभवशाली नगर रोगराईने आणि दूषित पाण्याने ओस पडत गेले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीतील आदिलशाही वाड्यात हलवला आणि १८४३ साली राजाज्ञेने पणजीला ‘नोव्हा गोवा’ ह्या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला. मधल्या काळात, १८२७ ते १८३५ ह्या वर्षांत, दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु ह्या राज्यकर्त्याने वाळूच्या टेकाडांचे सपाटीकरण करून आणि दलदली बुजवून सरळ रस्त्यांचे शहर आखले. तेव्हा पणजीचा जन्मच भरावातून झाला, हे मान्य केले पाहिजे. भराव म्हणजे पाप, असा आग्रह येथे धरता येणार नाही. मात्र त्या काळचे शहर लहान होते आणि त्याच्या भोवती पाण्याने पसरावे अशी शेते, मिठागरे आणि खारफुटीची रानेही शिल्लक होती.

त्याहून जुना एक दाखला आजही डोळ्यांपुढे उभा आहे. लिन्यारिशचा काउंट मिगेल द नोरोन्य ह्या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास, पणजीहून रायबंदरकडे जाणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी मार्ग बांधण्यात आला. मिठागरांतून आणि दलदलीतून जाणाऱ्या ह्या रस्त्याला कमानी ठेवलेल्या आहेत. माणसे वरून जातात, भरतीचे पाणी खालून जाते. जवळजवळ चारशे वर्षे वाहतूक सोसूनही तो टिकून आहे. त्याच्याच शेजारच्या पाटो भागात मात्र अलीकडच्या काळात भर घालून कार्यालयांच्या मोठमोठ्या इमारती उठल्या. दोन्ही कामे एकाच दलदलीतली. एकाने पाण्याला वाट ठेवली, दुसऱ्याने तिच्या जागी जमीन तयार केली.

पाण्याशी समझोता करण्याची ही विद्या पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेली नव्हे. ती येथील खाजन जमिनींची विद्या होय आणि ती पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीपासून चालत आलेली आहे. खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनीभोवती माती, चिखल आणि जांभा दगड ह्यांचा बांध घालावयाचा. त्या बांधात पाण्याच्या वाटेवर लाकडी झडपांचे दार बसवावयाचे. ह्या दाराला ‘मानस’ म्हणतात. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मानशीची झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने तीच झडप उघडते आणि शेतात साठलेले पावसाचे पाणी बाहेर निघून जाते. ह्याला यंत्र लागत नाही की इंधन लागत नाही. पावसाळ्यात तेथे ‘कोरगुट’ नावाचे खारटपणा सोसणारे भात घ्यावयाचे, कापणीनंतर जाणूनबुजून खारे पाणी आत घेऊन मासे वाढवावयाचे. मानशीपाशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. गोव्यात त्याला ‘पावणी’ म्हणतात.

ह्या व्यवस्थेचे खरे मोल तिच्या हिशेबात आहे. जमीन गावाच्या संस्थेची, म्हणजे गांवकारीची, जिला पुढे कोमुनिदाद म्हणू लागले. खंडाचे आणि पावणीचे उत्पन्न संस्थेकडे येई आणि बांधाची दुरुस्तीही त्याच उत्पन्नातून होई. बांधाला खेकड्याने पाडलेले एक भोक दुर्लक्षिले, तर एका रात्रीत खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते आणि पुढील काही हंगाम भात होत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या बाजूचा बांध हीदेखील स्वतःचीच चिंता ठरे. अर्थात ह्या गांवकारीचे अवाजवी गोडवे गाण्याचे कारण नाही. मूळ घराण्यांतील पुरुषांनाच तिच्यात वाटा असे. स्त्रिया आणि चिखलात प्रत्यक्ष राबणारे मजूर तिच्या बाहेरच राहिले. गोवामुक्तीनंतर कुळकायद्याने कसणाऱ्यांना हक्क दिले, ते न्यायाचेच झाले. परंतु हक्काबरोबर बांधाची जबाबदारी सांभाळणारी संस्था तेवढीच बळकट झाली नाही. कुळांच्या संघटना निघाल्या, पण अनेक ठिकाणी पावणीचा पैसा मोठा आणि भाताचे उत्पन्न लहान झाले. मग मानस मासळीसाठी उघडी राहू लागली, आणि फुटलेल्या बांधाकडे पाहण्यास कोणालाच घाई उरली नाही.

पणजीच्या दृष्टीने ह्याचा अर्थ सरळ आहे. ताळगावची सखल शेते ही केवळ शेते नव्हेत. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थोपवून धरणारा तो शहराचा हौद आहे. ताळगावात दरवर्षी २१ ऑगस्टला नव्या कणसांचे फेस्त साजरे होते आणि तेथील वांगी पणजीच्या बाजारात नावाजलेली आहेत. पण त्या शेतीचे जे उत्पन्न कोणत्याही वहीत लिहिले जात नाही, ते म्हणजे अठरा जून मार्गावरील दुकानांत न शिरलेले पाणी. शेतात भर पडून घरे उठली, सांतिनेजच्या खाडीचे पात्र गाळाने आणि सांडपाण्याने आकसले, म्हणजे तेच पाणी रस्त्यावर येऊन उभे राहते. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की शहराचा सखल भाग तुंबतो, हा तेथील रहिवाशांचा नित्याचा अनुभव आहे. त्यात १९०१ ते २०१८ ह्या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे आणि वाढीचा वेग मंदावलेला नाही. वीतभर पाणी ते काय, असे कोणी म्हणेल. मानशीची झडप उघडते ती आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या वीतभर फरकानेच.

कायद्यांची उणीव आहे असे मात्र नाही. नगर व ग्रामीण नियोजनाचा कायदा १९७४ सालचा. किनाऱ्यावरील बांधकामाला मर्यादा घालणारी केंद्र सरकारची अधिसूचना १९९१ साली निघाली. २००६ साली जाहीर झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये मोठ्या प्रमाणावर हिरव्या जमिनी वस्तीसाठी मोकळ्या केल्याचे दिसताच ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढील आराखड्यासाठी जे कृतिदल नेमले गेले, त्यात विख्यात वास्तुशिल्पी चार्ल्स कुरैय्या होते. गावोगाव नकाशे पाठवून लोकांची मते मागवण्यात आली; खाजने, उतार आणि पाणथळ जागा ह्यांना संरक्षित पट्ट्यांत घातले गेले. हा ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ २०११ साली पुरा झाला आणि २०१२ साली नव्या सरकारने तो स्थगित ठेवला! २०१८ साली पणजीलगतची गावे नियोजन प्राधिकरणाच्या कक्षेत आणली गेली, तेव्हा ग्रामस्थांच्या विरोधामुळे ती वगळावी लागली. २०२३ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने एकेका भूखंडाचा पट्टा बदलण्याची वाट मोकळी केली. तिच्याखाली केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आराखडा एकदाच होतो, पण त्यातील अपवाद रोज होऊ शकतात, हे ह्या हकिकतीवरून ध्यानात येते.

कुरैय्यांचेच एक काम ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. कांपाल येथील कला अकादमीची इमारत त्यांनी मांडवीच्या काठावर बुटकी आणि मोकळी ठेवली. रस्त्याने जाणाऱ्यास तिच्या पडवीतून थेट नदीकाठापर्यंत जाता यावे, नाटकाचे तिकीट काढलेले असो वा नसो, ही त्यामागील कल्पना. नदीचा काठ सर्वांचा, हे मूल्य शब्दांत सांगण्याऐवजी त्यांनी ते बांधून दाखवले. त्याच नदीत आज जुगाराची तरंगती जहाजे नांगर टाकून उभी आहेत आणि त्यांच्या धक्क्यांनी व गाड्यांनी काठाचा बराच भाग व्यापला आहे. त्यांच्यापासून राज्याला महसूल मिळतो. काठ किती गेला, ह्याची नोंद मात्र त्या आकड्यात होत नाही.

२०१६ साली केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत पणजीची निवड झाली. त्यातून रस्ते, मलवाहिन्या आणि खाडीकाठची कामे हाती घेतली गेली आणि पुढील काही वर्षे शहर खणलेलेच राहिले. त्यांपैकी मलवाहिन्यांचे काम निकडीचे होते, कारण घराघरातील सांडपाणी खाडीत जाणे थांबल्यावाचून सांतिनेजची सुधारणा संभवत नाही. पण महापालिकेच्या हद्दीत जेमतेम चाळीस हजार वस्ती, आणि शहराचे पाणी थोपवणारी शेते हद्दीबाहेरच्या ताळगाव पंचायतीत! शहराचा आराखडा एका संस्थेचा, खाडीचा उगम दुसरीच्या ताब्यात, बांध कोमुनिदादीचा, शेत कुळाचे आणि निधी एका कंपनीच्या हाती, अशी आजची वाटणी आहे. वडोदऱ्याच्या ज्या वाचकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी दारात पाहिले, त्यांना नदी ह्या हद्दी कितपत जुमानते हे सांगावयास नको.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे नागरिकांच्या हरकतींसाठी ठरावीक मुदत दिलेली असते. त्या मुदतीत नकाशा पाहावयास जाणाऱ्याने रुंद होणाऱ्या रस्त्यांकडे पाहण्याआधी चार गोष्टी शोधाव्यात. जेथे कालपर्यंत शेत होते, तेथे रंग कोणता दिला आहे? खाडीची रेघ जुन्या भूमापनाच्या नकाशाइतकीच रुंद आहे, की मध्येच बारीक झाली आहे? आल्तिनोच्या उतारावर नवी बांधकामे दाखवली आहेत काय? आणि नवा रस्ता पाण्याच्या वाटेवरून जात असेल, तर त्याखाली कमान आहे की भराव? सांतिनेजच्या खाडीवरील मोरीचे तोंड किती रुंद, हे नकाशावर लिहिलेले नसेल, तर ते विचारण्यास एक साधा अर्ज पुरतो. त्यासाठी वकील लागत नाही.